ड्रायव्हर बसला का?

जंगलाच्या गेटवरच्या मोहर्लीचा पोरगा लिहून राह्यला म्हटल्यावर तुमी वाघाची वाट पाहून राह्यले असान. नाई येत वाघ. मोबाईलचा कॅमेरा काढून बसले असान तं ठेवून द्या. ही ड्रायव्हरची गोष्ट हाय. आता तुमी म्हनान, बरं बाबा, जिप्सीचा ड्रायव्हर, म्हनजे फिरून फिरून वाघ येइनच. तो ड्रायव्हर बी नाई. हा ड्रायव्हर कम्प्युटरच्या पोटात बसते, तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नाई, टिप मागत नाई, आन तो नसला तं वायफायची कांडी नुसती लटकून राह्यते. तुमची निराशा झाली असन. माह्यी तुमच्याहून जास्त झाली होती.

मूळ दुखनं सांगतो. मले एक लहान बहीन हाय. चंद्रपुरात पॉलिटेक्निक शिकते, सोमवारी पयल्या बसनं जाते, शनिवारी येते. शनिवारी आमच्या घरी सनच असते. आई मच्छीचे मोठे तुकडे तिच्या ताटात टाकते आन मले म्हनते, "तू तं रोजच खातं ना." रोज कुठी मच्छी असते घरी? बाबा तिले बसस्टॉपवर सोडाले जातेत, थैली बी तेच धरतेत. मले बारावीच्या पेपरले कोनी सोडलं नाई. मी सायकलनं गेलो, आन पंचर झाली.

माह्याजवळ बी एक कला हाय, तशी गोष्ट नाई. मी आवाज काढतो. गेटवरचा भोंगा काढतो, पुन्याच्या पाहुनीचा "अय्या, टायगर कुठेय?" काढतो. वाघ दिसल्यावर चितळ ओरडते तो कॉल तं असा काढतो का एकदा एका गाईडनं भरली जिप्सी थांबवून पाहुन्यायले अर्धा घंटा बांबूच्या बेटाकडं पाहाले लावलं. सगळ्यात भारी जमतेत आमच्या विहार समितीचे अध्यक्ष भाऊ. बोलाच्या आधी दोनदा खोकलतेत, नाकात बोलतेत, आन वाक्य संपलं का "हाय का नाई?" विचारतेत. मी भाऊ केले का लोक पोट धरून हासतेत. हासून झालं का डोळे पुसत मलेच विचारतेत, "बहीन कवा येनार हाय रे?"

या भाऊचं एक होमस्टे हाय आन एक जिप्सी हाय. जिप्सी चालवनारे आमचे बाबा. भाऊनं ती जुनी गाडी घेतली तवा बाबा गाडीसंगच आले, पयल्या मालकाचे बी तेच ड्रायव्हर होते. हे ध्यानात ठेवा, पुढं कामात येते.

विहाराच्या बाजूच्या खोलीत आमची अभ्यासिका हाय. पोलीस भरती, वनरक्षक भरतीचे पोरं-पोरी तिथी बसतेत. एका हाफिसानं भंगारात काढलेला कम्प्युटर भाऊनं तिथी आनून ठेवला. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप धुऊन व्हाचा. मंग एका शनिवारी बहिनीनं त्याच्यातली जुनी विंडोज पुसली आन लिनक्स टाकलं. तिनं सगळ्यायले समजावलं, हे कोना एकाच्या मालकीचं नाई, सगळ्यायचं हाय. ज्याले पायजे त्यानं घ्यावं, खोलून पाहावं, सुधरवावं.

भाऊ म्हनाले, "म्हनजे सामूहिक वनहक्कासारखं, जंगल अख्ख्या गावाचं. हाय का नाई?"

"बरोबर तसंच, भाऊ!"

सगळे खुश. मले त्या दिवशी भाऊचा बी राग आला. इतकं चांगलं उदाहरन मले काऊन सुचलं नाई?

कम्प्युटर तं पयाले लागला, पर नेट नव्हतं. होमस्टेचं वायफाय अभ्यासिकेपर्यंत येते, पर त्या जुन्या डब्ब्याले वायफायच नाई. म्हनून भाऊनं चंद्रपूरहून एक कांडी आनली, पेनड्राइव्हसारखी, मांगून लावाची. सोमवार होता, बहिनीले पयली बस पकडाची होती. भाऊनं कांडी टेबलावर ठेवली, करदोड्याले बांधलेली अभ्यासिकेची चावी हातानं हालवून दाखोली आन म्हनाले, "या डब्ब्यात जो नेट आनन, चावी त्याची. हाय का नाई?"

सगळ्यायनं बहिनीकडं पाह्यलं. मी तिथीच उभा होतो, माह्याकडं कोनी पाह्यलं नाई. चिडलो मी. ठरवलं, शनिवारी ती यायच्या आधी चावी माह्या कमरेले. चावी घेऊन मी काय केलं असतं? काईच नाई. पर कमरेले चावी असली का लोकायले तुमच्याकडं यावं लागते. "दादा, खोल ना जरा." मले ते "दादा, खोल ना" ऐकाचं होतं.

कांडी लावली. कम्प्युटरनं तिच्याकडं असं पाह्यलं जसं नवीन सून पाहुन्यायकडं पाह्यते. म्हनजे पाह्यलंच नाई. मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. व्हिडिओवाल्याचा "तो दोस्तो, आज के व्हिडिओ में" मले लगेच जमला. तो जसा लिहे तसाच मी लिहीत गेलो, हुबेहूब. तो खोकलला तिथी मी बी खोकललो. पासवर्ड टाकाची वेळ आली तं पडद्यावर काईच उमटेना. मले वाटलं कीबोर्ड मेला. उलटा करून झाडला, त्याच्यातून सुपारी पडली. नंतर समजलं का लिनक्समधी पासवर्ड दिसतच नसते. पुढं गेलो तं कम्प्युटर म्हने, असा फोल्डरच नाई. कसा असन? मी त्या व्हिडिओवाल्याच्या नावाचा फोल्डर आमच्या मोहर्लीच्या कम्प्युटरमधी शोधून राह्यलो होतो.

खरी भानगड पुढंच होती. कांडीले ड्रायव्हर पायजे, म्हनजे कांडी चालवनारा प्रोग्राम. ड्रायव्हर नेटवर. आन नेट कांडीत.

बहिनीले फोन करनं सोपं होतं. पर मंग शनिवारी ती म्हनली असती, "मीच फोनवर सांगतलं दादाले," आन चावी तिच्या पर्समधी. म्हनून मी दोस्ताचा फोन घेतला, दोनदा खोकललो आन नाकात बोललो.

"पोरी, मी अध्यक्ष बोलून राह्यलो. हा नवीन नंबर हाय. ते कांडीचं कसं करतेत ते सांग बरं. एक पोरगा बसला हाय इथी, त्याच्याकडून करून घेतो. हाय का नाई?"

"जय भीम भाऊ! सांगते ना!"

आवाज पाहा. साखर! माह्या फोनले हीच पोरगी "बोल, काय पायजे?" म्हनते. तिनं लहान पोराले समजावते तसं एकेक करून सांगतलं. पयले मोबाईल डाटा केबलनं कम्प्युटरले जोडा, सेटिंगमधी यूएसबी टेदरिंग चालू करा, मोबाईलचंच नेट कम्प्युटरले भेटते. मंग कांडीवर छापलेलं नाव पाहू नका, आतल्या चिपचा नंबर पाहा. तो सांगाले कम्प्युटरले कोनती कमांड द्याची ते बी बोलली. त्याच नंबरचा ड्रायव्हर उतरवा आन बसवा. व्हिडिओवाल्याची कांडी वेगळी असू शकते, भाऊ.

आन मंग म्हने, "भाऊ, तो बसलेला पोरगा आमचा दादा तं नाई ना?"

"काऊन?" मी नाकात म्हटलं. "पोरगा हुशार हाय."

"हुशार हाय ना भाऊ. पर तो वाचत नाई. पडद्यावर काय लिहून आलं ते पाहतच नाई, दुसऱ्यानं केलं तसं करते. नकलीवरच चालते त्याचं सगळं."

मी भाऊच्या आवाजात खोकललो.  आपली बदनामी चालू असताना दुसऱ्याच्या नाकातून "हो हो पोरी" म्हनावं लागनं कसं असते, ते तुमाले नाई समजाचं.

पर तिनं सांगतलं तसं केलं आन ड्रायव्हर बसला! होमस्टेच्या वायफायचं नाव पडद्यावर दिसलं. मी दाबलं, जुळलं. आन टुपकन तुटलं. पुन्हा जुळलं, पुन्हा तुटलं. मी म्हटलं, भूक लागली, जेवून येऊन पाहू.

मी जेवून राह्यलो होतो तवा तिकडं बहिनीले आठवलं का एक गोष्ट सांगाची राह्यली. ती हुशार ना! तिनं फोन केला. पर नवीन नंबरवर नाई. तिच्याजवळ भाऊचा जुना, खरा नंबर होता, तिनं त्याच्यावर लावला. पुढचं बोलनं मी ऐकलेलं नाई, पर भाऊनं ते इतक्यांदा सांगतलं का आता मी दोघायच्या बी आवाजात करून दाखोतो.

"भाऊ, ड्रायव्हर बसला का?"

भाऊ गेटवर होते. बाबा दुपारच्या फेरीसाठी नुकतेच जिप्सीत बसले होते. "बसला ना पोरी. आताच बसला."

"चालून राह्यला का बरोबर?"

"चालते. पर मधामधात थांबते." बाबा खर्र्यासाठी थांबतेत, ते सगळ्या मोहर्लीले मालूम हाय.

"मले वाटलंच! जुना ड्रायव्हर तरास देऊन राह्यला, भाऊ."

"जुना म्हनजे?"

"पयलेपासूनचा. संगच आलेला असते ना, तो."

"हो. संगच आला होता तो."

"त्याले ब्लॅकलिस्ट करा. मंग उठूनच येत नाई पुन्हा."

आता आमच्या गेटवर ब्लॅकलिस्ट हा काई हासाचा शब्द नाई. वाघाच्या लई जवळ गाडी नेली, पाहुन्याले खाली उतरू दिलं, का ड्रायव्हरचं नाव ब्लॅकलिस्टमधी. मंग त्याले जंगलात गाडी नाई, घरी चूल नाई. भाऊनं जिप्सीत बसलेल्या बाबाकडं पाह्यलं. बाबा आरशात पाहून भांग पाडून राह्यले होते.

"पोरी," भाऊ हळूच म्हनाले, "तू कोनाबद्दल बोलून राह्यली, तुले मालूम हाय ना?"

"हो ना भाऊ! माह्याकडं बी तोच होता. मी तं पयल्याच दिवशी ब्लॅकलिस्ट केलं त्याले. लई सुख हाय आता."

भाऊनं मनात हिशोब लावला. सख्खी पोरगी, शिकलेली पोरगी, बापाबद्दल अशी बोलते म्हनजे बापानं काईतरी मोठंच केलं असन. पाहुने खोळंबले होते. भाऊनं बाबाले खाली उतरवलं, दुसऱ्या ड्रायव्हरले बसवलं आन बाबाले एवढंच म्हटलं, "घरी जा. पोरीले विचारा."

बाबा घरी आले, चप्पल न काढता ओसरीत बसले. मांगून भाऊ आले. आई पानी घेऊन आली तं बाबा म्हनाले, "तुह्या पोरीनं मले ब्लॅकलिस्ट केलं म्हने." मी भाताचा घास तसाच तोंडात धरला. आईनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडून बहीन रडकुंडीले आली.

"बाबा, मी वायफायच्या ड्रायव्हरचं बोलून राह्यली होती! भाऊनंच तं सकाळी फोन केला मले, नवीन नंबरवरून!"

"माह्याजवळ नवीन नंबर नाई," भाऊ म्हनाले.

 मंग आईनं माह्याकडं पाह्यलं, मंग भाऊनं. बाबानं सगळ्यात शेवटी पाह्यलं आन म्हटलं, "खोकल बरं."

"बाबा, माह्यं जेवन..."

"खोकल म्हटलं ना."

मी खोकललो. माह्या खोकल्यानं खोकलाची लई कोशिश केली. भाऊचाच निंगला, दोनदा.

मंग सगळी वरात अभ्यासिकेत. भाऊनं मले कम्प्युटरपुढं बसवलं, फोन टेबलावर ठेवला, बहीन स्पीकरवर. भरतीचे पोरं-पोरी पुस्तकं बंद करून मांगं उभे. ती म्हने, "दादा, पडद्यावर काय लिहून आलं ते मोठ्यानं वाच. तुह्या आवाजात." मी वाचलं. ती सांगे, मी लिहो, ती म्हने आता पुन्हा वाच. वाचल्यावर मले बी दिसलं का खरंच तिथी लिहून होतं, सकाळपासूनच लिहून होतं: लिनक्ससंगचा जुना ड्रायव्हर आधी उठून कांडी धरून बसे, म्हनून नव्याले जागाच भेटे ना. जुन्याचं नाव ब्लॅकलिस्टच्या फाइलीत टाकलं. कम्प्युटर बंद करून सुरू केला. वायफाय जुळलं. आमी सगळे पडद्याकडं पाहत बसलो. तुटलं नाई.

टाळ्या वाजल्या. कीबोर्डवर बोटं माह्ये, आन टाळ्या टेबलावरच्या फोनले. एका पोरीनं तं फोनजवळ जाऊन वाजवल्या, तिले बरोबर ऐकू जावं म्हनून.

भाऊनं करदोड्याची गाठ सोडली. चावी माह्या नाकासमोरून गेली आन बाबाच्या हातात पडली. "शनिवारी पोरीले द्या. तवापर्यंत या नकल्याले रोज सकाळी तुमच्याजवळ चावी मागाले लावा. खोलाचं, झाडाचं, याच्याकडं. हाय का नाई?" म्हनजे झाडू माह्याकडं आन चावी तिची.

घरी येताना बाबा पुढं, मी मांगं. विहाराचा कोपरा आला. पिंपळाजवळ बाबा थांबले आन माह्याकडं फिरले.

"इतके साल गाडी चालवून राह्यलो. वाघ रस्त्यात झोपला तं गाडी बंद करून बसलो, पर पुढं नेली नाई. पाहुने ओरडले, मोठमोठे साहेब ओरडले, मी गाडी सरकवली नाई. कोनी माह्यं नाव ब्लॅकलिस्टमधी टाकलं नाई. आन तू घरी बसून टाकलं? भर गेटवर उतरवलं मले, पाहुन्यायपुढं! सख्ख्या बहिनीले एक फोन कराचा तं अध्यक्षाचं नाक लागते तुले? तुह्या आवाजाले काय झालं होतं? आन ते खर्र्यासाठी मी मधात थांबतो, ते भाऊले कोनं सांगतलं? गेटवर माह्यी बी नक्कल करतं ना तू? बोल. आता काऊन तोंड शिवलं? बोल ना!"