बिडात ओतलेले बारा शब्द

मोबाइलवर आकडे दाबायचे झाले की मिस्त्री आधी पाठ भिंतीला टेकवायचे. चहाच्या गाड्यावर भिंत नसली तर आमच्यातल्या एकाला मागं उभं करायचे, तेही तोंड रस्त्याकडं करून. "मला पाठीला डोळं न्हाईत," एवढंच म्हणायचे. असा सावध माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या मिस्त्रींइतका डूख धरणारा पाहिला नसेल.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत ते पॅटर्न करायचे, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठतो तो लाकडी नमुना. मी स्टोअर सांभाळायचो. साठीला टेकलेल्या या माणसानं डिजिटल चलन घेतलंय हे कळलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात मोठ्यानं सुपरवायझर हसला. मिस्त्रींना कसबा बावड्यात स्वतःचं पॅटर्नचं दुकान टाकायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाची अक्षरं नमुन्यावर चिकटवली, एकदा तरी आपलं नाव चिकटवायचं, हा हट्ट.

या चलनाला बँक नाही. बारा इंग्रजी शब्द मिळतात. ज्याच्याकडं शब्द, त्याचे पैसे. कागद भिजतो, मोबाइल फुटतो, म्हणून मिस्त्रींनी ते शब्द चक्क बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या पाटीवर ओतून घेतले. "आग लागू दे न्हाईतर पूर येऊ दे, ह्याला काय हुतंय?" पाटी घरी देव्हाऱ्यामागं गेली.

इथंच हाताची सवय नडली. फौंड्रीत पहिला नग सहसा धड निघत नाही. त्यांच्या पहिल्या पाटीलाही भोकं पडली. ती त्यांनी नेहमीसारखी भंगारात भिरकावली आणि दुसरी, चांगली पाटी घरी नेली. भंगार उद्या भट्टीत वितळणारच, मग फोडायचं कशाला? नेमकी भट्टी दुरुस्तीला दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर शून्य होतं.

ते रडले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली, तपास रेंगाळला. या चलनाची एक गंमत आहे. पैसे कोणत्या पत्त्यावर गेले ते सगळ्या जगाला दिसतं, पण पत्ता कुणाचा ते कळत नाही. रोज दुपारी भाकरी खाताना मिस्त्री तो पत्ता उघडून बसायचे. "घर दिसतंय, मालक दिसंना. पर गावंल की! जाईल कुठं?"

मग त्यांनी तीन नव्या पाट्या ओतल्या, तीन वेगळ्या खात्यांच्या. प्रत्येक खात्यात थोडे थोडे पैसे ठेवले. भंगारापर्यंत हात पोचणारी माणसं तीनच. एक पाटी भट्टीवाल्याच्या कोपऱ्यात पडली, एक सुपरवायझरच्या टेबलाखाली. तिसरी कुठं, ते नंतर सांगतो.

चार दिवसांत सुपरवायझरच्या टेबलाखालच्या पाटीचं खातं रिकामं झालं. पैसे गेले त्याच जुन्या पत्त्यावर. मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मोबाइल टेबलावर ठेवला. "पाटी तुझ्या टेबलाखाली, पैसं त्याच घरात. आता हस की रं!"

फौंड्रीच्या मालकानं सुपरवायझरला त्याच दिवशी काढलं. पण पैसे परत आले नाहीत. त्या पैशांतून त्यानं बावड्यातल्या आपल्या घरावर मजला चढवला होता. मिस्त्रींनी पदरमोड करून गटाराचं एक झाकण ओतून घेतलं. त्यावर वीतभर अक्षरांत लिहिलं होतं: 'समोरचा वरचा मजला चोरीचा'. रविवारी भर दुपारी, शेजारपाजारच्यांच्या देखत, ते त्याच्या दारासमोर सिमेंटमध्ये बसवलं. "कोन काढतंय बघतो." सुपरवायझर त्यावर पोतं अंथरायचा आणि गल्लीतली माणसं येता-जाता पायानं पोतं सारायची. खोटं कशाला बोलू, मला मनापासून आनंद व्हायचा. मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथून गाडी न्यायचो.

नोकरी संपवून गारगोटीला आपल्या गावी जाण्याआधी मिस्त्री स्टोअरमध्ये आले. "तिसरी पाटी तुझ्या बारदानात ठेवलती. तुझ्यावर बी डाव टाकला. तू सुटलास. माफ कर गड्या." त्यांचे डोळे भरले होते. "असू द्या की, मिस्त्री," मी म्हणालो.

पाटी मला पहिल्याच दिवशी सापडली होती. घरी जाऊन ते बारा शब्द मी माझ्या मोबाइलमध्ये घातले. शिल्लक दिसली. पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. एवढ्याशासाठी कशाला, असं वाटलं आणि अंगठा काढला. जास्त असते तर काढला असता का, ते मला आजही सांगता येत नाही. नुसतं उघडून पाहिल्याचा माग कुठंच उमटत नाही.

मिस्त्री यंदा वारले. घरच्यांना भेटायला गारगोटीला गेलो तर मिस्त्रीणबाईंनी ओळखलं. पुढ्यात चहा ठेवत म्हणाल्या, "तुमचं नाव लई काढायचं. म्हनायचं, त्या फौंड्रीत भरवशाचा मानूस त्यो एकच."

मी मान खाली घालून चहा प्यायलो.