काऊन, नऊ का?

मेहकरच्या बसस्टँडवर गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या जानरावांना उलटसुलट वाक्यांचं वेड होतं. शेवटच्या अक्षराकडून वाचत आलं तरी तेच वाक्य निघालं पाहिजे. गाडी लागली की ते आधी पाटीवरचं गाव उलटं वाचत. दुसरबीडचं व्हायचं डबीरसदु. त्यातून काहीच निघत नसे आणि जानराव दिवसभर कुरकुरत.

त्या वर्षी गणपतीत वाचनालयानं अशा वाक्यांची स्पर्धा ठेवली. वाक्य मात्र स्वतःचं हवं. आजवर ऐकीव वाक्यांवरच भाव खाल्लेले जानराव अडकले. पुष्कळ डोकं खाजवून हाती लागलं ते एवढंच : 'जानराव, वरा, न जा.'

"वरा म्हणजे काय हो?" वच्छलाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"नवरदेवा!"

"नवरदेवाले वरा? असं बोलते काय कोणी?"

बायको खोटं बोलत नव्हती, म्हणूनच जानरावांना जास्त राग आला. त्यांनी ताट सरकवलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ते ओट्यावर अक्षरं जुळवत बसले होते. एकदम नऊची ड्यूटी आठवली, तसे धडपडत उठून सदरा चढवू लागले. आतून वच्छलाबाई ओरडल्या, "काऊन, नऊ का?"

जानरावांचा हात बाहीतच राहिला. का, ऊ, न. न, ऊ, का!

संध्याकाळी स्पर्धेत पुण्याहून परीक्षक म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी ते वाक्य बोटांवर तपासलं. "जमलंय हो. पण 'काऊन' हा काही मराठी शब्द नव्हे. नुसतं 'का' म्हणा."

"मग उलटं कसं होईन, साहेब?"

लोक हसले. प्राध्यापक म्हणाले, "बरं, दुसरं आहे का एखादं?"

होतं. शुद्ध होतं, अगदी जिभेवर होतं. जानरावांनी बायांमध्ये बसलेल्या वच्छलाबाईंकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. बक्षीस दुसऱ्याला गेलं.

"ते वराचं काऊन नाही सांगतलं?" वाटेत वच्छलाबाईंनी विचारलं.

"बोलते काय कोणी तसं?" जानराव खेकसले.

दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर नवाच ताप सुरू झाला. जानराव दिसले, की कडूबा हमाल लांबूनच हाळी देई, "काऊन, नऊ का?"

"अबे, सरळ बोल नं जरा!"

"सरळच बोलून राह्यलो, भाऊ. उलटं म्हणू काय? तेच येते!"