बापूचा शगुनाचा एक फूट

किस्से जमवावे लागत नाहीत. एका बाकावर चार म्हातारे बसवायचे आणि एकाच्या हातात महापालिकेचं बिल द्यायचं. बाकीचं आपोआप होतं.

आमचा बाक लालबागला. चाळ पाडून टॉवर झाला, त्याच्या गेटजवळ. बसणारे चौघे. मी गिरणीत साळखात्यात मागावर होतो, शाळा चौथीपर्यंत. बापू राणे माझ्याच खात्यातला, आता चौदाव्या मजल्यावर. सरदेसाई बँकेतून निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी. आणि दामू नाखवा. तो कोळीवाड्यातून रोज चालत येतो. म्हणतो, घरात बायकोचं ऐकण्यापेक्षा तुमचं बरं.

सुरुवात चावीपासून झाली. बिल्डरने सगळ्यांना पाचशे फुटांची घरं दिली. आम्ही मुकाट्याने चाव्या घेतल्या. बापू अडून बसला.

"आम्ही आहेराच्या पाकिटातसुद्धा वर एक रुपया घालतो. आणि घर सपाट पाचशेचं घेऊ? पाचशे एक पाहिजे!"

तीन दिवस तो बिल्डरच्या ऑफिसात बसून होता. उपोषण म्हणाला, पण दुपारी वडापाव खायचा. शेवटी वैतागून बिल्डरने बाल्कनीची भिंत बोटभर पुढे सरकवली आणि 'पाचशे एक' असं लेखी दिलं. बापूने ते पत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. मला म्हणाला, "अण्णा, तू आयुष्यभर सपाटच राहणार!"

पुढे सरकारने जाहीर केलं. पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ.

आमच्या विंगमध्ये बिल आलं ते एकट्या बापूला. त्या दिवशी सगळ्यांना चहा मी पाजला.

*

बाकावर वाद पेटला. घर आपलं, मग दरवर्षी पैसे कसले?

सरदेसाई उभे राहिले. ते बसून बोलूच शकत नाहीत. "कर हा नागरिकाचा दागिना आहे, बापूसाहेब. तो अभिमानाने मिरवावा."

नाखवा म्हणाला, "मंग तू मिरव की! तुज्या घराला तं माफ हाय!"

सरदेसाई बसले. नाखवा थांबला नाही. "मी एकदा पापलेट इकला का इकला. दरसाल गिऱ्हाइकाच्या दारान जाऊन त्याच पापलेटाचे पैशे मागत नाय!"

"अहो, पण रस्ते, दिवे, कचरा?" सरदेसाईंनी विचारलं.

"काटं गिऱ्हाईक सोताच टाकतं!"



*

बापू म्हणाला, तक्रार करू. मी सोबत गेलो. वॉर्ड ऑफिसात खिडकीमागे एक तरुण क्लार्क होता. त्याने समजावलं, कर घराच्या बाजारभावावर लागतो. तुमचं घर आता फार महाग झालंय.

मी म्हटलं, "आम्ही ते विकायला काढलेलं नाही. राहतो त्यात. भाव वाढला म्हणून आमच्या ताटात एक भाकरी वाढली का?"

बापूला जोर चढला. "एवढं महाग आहे ना? मग तूच घे! पैसे टाक, मी आज गावी जातो!"

क्लार्कने चष्मा काढला. "काका, मला परवडलं असतं, तर मी पहाटे उठून बदलापूरहून आलो असतो का?"

निघण्याआधी बापूने त्यालाही चहा पाजला.

*

मग बापूने बिल्डरला अर्ज लिहिला. एक फूट परत घ्यावा. बिल्डरचा इंजिनिअर आला, डोकं खाजवत उभा राहिला. "कुठून काढू?"

"कुठूनही काढ. देवघर सोडून."

आतून वहिनी म्हणाल्या, "ह्येंच्या टकलेतसून काढा! थंय भरपूर जागा रिकामी आसा!"

इंजिनिअर चहा न घेताच गेला.

*

उपाय शेवटी डिलाईल रोडच्या एका मिस्त्रीने काढला. तो म्हणाला, घर भिंतीच्या आतून मोजतात. भिंत जाड केली की घर बारीक!

आठवडाभर प्लास्टर चाललं. सगळ्या भिंतींना दोन-दोन थर. घर बारीक झालं, पण खोलीतल्या कपाटाचं दार उघडेना.

मी विचारलं, "आत काय आहे?"

"कोट. नितीनच्या लग्नात घालायचा."

"मग?"

"आधी लग्न तर ठरू दे!"

नितीन बापूचा मुलगा. सदतिशी गाठलेली. आठ स्थळांनी नाही म्हटलेलं, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. घर केवढं?

*

नववं स्थळ प्रभादेवीचं. बापूने फोनवर ठासून सांगितलं होतं, "पाचशेच्या वर!" मुलीचे वडील सावंत मंगळवारी गणपतीचं दर्शन घेऊन थेट आले. सोबत बायको आणि मुलगी. थोरला माणूस म्हणून मला बसवलं होतं. कोट कपाटात. बापू शर्टावर.

पोहे आले आणि बेल वाजली. दारात टेप घेऊन महापालिकेचा इन्स्पेक्टर! बापूच्या फेरमोजणीच्या अर्जावर चार महिने वाट पाहायला लावून नेमका तेव्हाच आला.

त्याने पाहुण्यांच्या पायांखालून टेप नेला. खोल्या मोजल्या, आकडे लिहिले आणि हसला. "अभिनंदन काका! चारशे नव्याण्णव. कर माफ!"

सावंतांचा चमचा थांबला. "राणेसाहेब, तुम्ही तर पाचशेच्या वर म्हणाला होतात."

बापूने इन्स्पेक्टरकडे पाहिलं. मग नितीनकडे. नितीन फरशीकडे बघत होता.

"साहेब, पाचशे एक लिहा!"

"काका, माफी मिळतेय तुम्हाला."

"नको माफी! भिंतीला दोन थर मारलेत! अगो, हातोडो हाड!"

वहिनींनी हातोडा आणला. बापूने घाव घातला. एक ढलपी उडून माझ्या पोह्यांत पडली. मग त्याने फ्रेममधलं पत्र काढून इन्स्पेक्टरच्या हातात दिलं. इन्स्पेक्टरने मान हलवली, पाचशे एक लिहिलं, सही घेतली आणि गेला.

मी ढलपी बाजूला ठेवली.

सावंत उठले. फुटलेल्या भिंतीपाशी गेले. प्लास्टरवरून बोट फिरवलं, थराची जाडी पाहिली. मग बापूला हाताला धरून बाल्कनीत नेलं. मी दाराशीच होतो, म्हणून ऐकू आलं.

"व्याहीबुवा, आमचं घर पाचशे दोन आहे. त्या मिस्त्रीचा नंबर देता का?"