रोलरला तेल, चेनला उपास

ऑइल-ग्रीसच्या दुकानात किस्से फार साचतात. इथे येणारा माणूस घरी मशीन उघडून ठेवून आलेला असतो आणि त्याचे हात इतके काळे असतात की मोबाइलही धरवत नाही. मग तो बोलतो! आडगाव नाक्याजवळच्या माझ्या दुकानातले निम्मे किस्से एकट्या सायखेड्याच्या नानांचे आहेत. नानांकडे जुना चेनचा ट्रॅक्टर आहे, म्हणजे टायरऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा. सरकारी लिलावातून आणलेला. गोदाकाठच्या कितीतरी द्राक्षबागांची जमीन त्यानेच सपाट केली.

नानांचा मुलगा संतोष अंबडला कंपनीत आहे. त्याला ते धूड भंगारात घालायचंय. शेवटी बापलेकांत तह झाला: ट्रॅक्टर ज्या दिवशी जागचा हलणार नाही, त्या दिवशी भंगारवाला बोलवायचा. तेव्हापासून नाना दुकानात तेल बघतात ते मुलीसाठी स्थळ बघितल्यासारखं.

*

चेनच्या आतल्या बाजूला रोलर असतात आणि सगळं वजन त्यांच्यावर. त्यांच्यात भरायला नाना जाड गिअर ऑइल नेतात. चेनला मात्र वरून थेंबही लावत नाहीत.

मी एकदा म्हटलं, "नाना, केवढी किरकिरते चेन. थोडं मारा की."

"शेठ, तेलाला माती चिकटती, अन् ती माती चेनला कानशीवानी खाती. किरकिरू द्या तिला. रोलरला तेल, चेनला उपास!"

दुकानदार असून मला ते पटलं. धंद्याचं नुकसान झालं ते वेगळंच.

*

निफाडकडच्या थंडीत जाड ऑइल पंपातून उतरत नाही. डिसेंबरात एकदा सकाळीच नानांकडे गेलो. अंगणात बंब पेटलेला, बंबाला टेकवून ऑइलचा डबा, आणि शेजारी टॉवेल घेऊन काकू उभ्या.

"काय काकू, पाणी तापलं नाही का अजून?"

"तापलंय. पण आधी सवतीची अंघोळ व्हायचीय."

*

एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी दुकानात बसला होता. नाना सांगत होते की एक रोलर फार गळतो. पोरगा म्हणाला, "त्यात ऑइल नका भरू. दह्यासारखं पातळ ग्रीस मिळतं, ते भरून बघा." मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो की बाबा, नानांपुढे नको. नानांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, ग्रीस नेलं आणि त्या एकाच रोलरमध्ये भरलं.

हंगाम संपल्यावर नाना द्राक्षांची पेटी घेऊन आले, खास त्या पोरासाठी. "तुझं खरं निघालं. माझं चुकत होतं." या वयात असं मोकळेपणी म्हणणारा माणूस माझ्या तरी दुकानात दुसरा आलेला नाही.

*

मारुतीच्या देवळापुढचं पटांगण सपाट करायचं होतं, म्हणून ट्रॅक्टर तिथेच मुक्कामी होता. दिवसभर त्याची किरकिर ऐकून लोकांना दया आली. शनिवारी त्यांनी मारुतीला तेल वाहिलं आणि उरलेलं भक्तिभावाने चेनवर ओतलं! कोणीतरी वर रुईची माळही घातली.

नाना चिडले नाहीत. डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन चेन धूत बसले. पुढच्या शनिवारी लोक आले, तर ट्रॅक्टरपुढे शेंदूर फासलेला एक दगड आणि त्याखाली परात.

"ह्यो तिचा मारुती," नाना म्हणाले. "ह्याला वाहा, तिला पोचतंय."

परातीतलं तेल देवळातल्या समईला गेलं.

*

यंदा पावसाळ्यात नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ट्रॅक्टर रानात चिंचेखाली उभाच राहिला, त्याच्यावर वेल चढले. आता काही हा हलत नाही, असं ठरवून संतोषने मालेगावच्या रफीकभाई भंगारवाल्यांना बोलावलं. नानांनी नाही म्हटलं नाही, फक्त मला फोन करून नेहमीचा डबा मागवला.

मी डबा घेऊन पोचलो. संतोष म्हणाला, "नाना, आता कशाला?"

"जायच्या आधी पाजतो."

नाना काठी बाजूला ठेवून, एक पाय लांब करून बसले आणि एकेक रोलर भरत राहिले. मला खरंच बघवेना.

तेवढ्यात रफीकभाईंचा ट्रक रानात शिरला आणि काळ्या मातीत थेट एक्सलपर्यंत रुतला. आम्ही सगळ्यांनी ढकलला. हलेना. नाना ट्रॅक्टरवर चढले. इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि लागलं. वेल तटातट तुटले. चेन अशी किंचाळली की रफीकभाईंनी कानांवर हात ठेवले.

"नाना, चेन को थोडा ऑइल मारो ना!"

"तिला उपास हाय," नाना वरूनच म्हणाले.

साखळदंड लावून त्यांनी ट्रक डांबरी रस्त्यापर्यंत ओढत नेला आणि सोडला. रफीकभाईंनी ट्रक चालू केला, नानांना हात केला आणि रिकामेच निघून गेले. संतोष रस्त्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मला रफीकभाईंचा फोन. "शेठ, ते जाडवालं गिअर ऑइल, एक डबा नानांकडं पोचवा. मेरी तरफ से."

"पोचवतो. निरोप काय सांगू?"

"सांगा, चेनला लावू नका."