इराण्याच्या हॉटेलाची खूण

“तिला काय विचारतेस? कानात बोळे घातलेत तिनं,” स्टेशनसमोरच्या फुटपाथवर एक काका आपल्या बायकोला म्हणाले.

माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं. या भागात कुणी बोलायला येऊ नये म्हणून मी तो नुसताच घालून ठेवते. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं होतं. काकूंची बहीण दवाखान्यात होती, भेटायची वेळ संपत आली होती आणि गावाकडून मिळालेली खूण होती इराण्याचं हॉटेल. ते कधीच बंद झालं. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे आणि त्याच्याच दारावरून हे दोघं पुन्हा पुन्हा जात होते.

आमच्याकडे पत्ते असेच सांगतात, नाहीशा झालेल्या गोष्टींवरून. बाबा अजून “टांगा स्टँडला उतर” म्हणतात. स्टेशनची दगडी कमान तेवढी नीट जपली आहे. भोवतीचं जुनं गाव फक्त बोलण्यात उरलंय. ते परक्याला सांगायचं काम इथे राहणाऱ्यांचंच. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प होते. आपलं मराठी इंग्रजी शाळेतलं, लोक हसतील, हे कारण मला फार सोयीचं पडतं.

काकूंनी डब्याची पिशवी खाली टेकवली. “चला परत. ती मात्र दाराकडे बघत असेल हो.”

मी हेडफोन काढला.

“काकू, दवाखाना मागच्या गल्लीत आहे. चला, मी येते सोबत.”