गाय अडली आणि मी बाहेरची

तो वास कसा होता हे मला अजून नीट सांगता येत नाही. कांदाचाळीत एक कांदा नासला तर मला लांबून कळतो. पत्र्याखाली मेलेला उंदीर कळतो, बुरशी धरलेला मुरघास कळतो. हा वास त्या सगळ्यांच्या पलीकडचा होता. गोडसर होता मेला, आणि गोडसर होता म्हणूनच जास्त घाण वाटत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यातून निघून ओट्यावर माझ्यापर्यंत आला, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला आणि ओरडले, "मामा, वासरू पोटात मेलंय!"

मामा म्हणजे माझे सासरे. ते गोठ्याच्या दारातून म्हणाले, "तू गप बस. तुला तिथनं काय दिसतंय?"

तिथनं म्हणजे ओट्याच्या टोकावरून. मी बाहेरची होते. आमच्याकडे पाळीचे तीन दिवस अजून बाहेर बसतात, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली की आत. खरं सांगू का, चूल सुटते याचं मला दुःख नाही. तीन दिवस आयतं ताट समोर येतं, कोण नको म्हणेल? पण गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, आणि गाभण गाईवर तर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गाईचं शेण मी काढायचं, गोचीड मी उपटायचे, कास मी धुवायची, आणि महिन्यातले तीन दिवस मीच घाण!

त्यातून ती गाय माझी होती. घोडेगावच्या अंगाला माझं माहेर. लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या वडिलांनी ती कालवड टेम्पोत घालून पाठवली, गुडघ्याएवढी होती. तिला बाटलीनं दूध मी पाजलं. वडील त्यानंतर सहा महिन्यांत गेले. माहेराहून आलेली भांडी घरच्या भांड्यांत मिसळली, साड्या विरल्या. त्यांच्या हातचं म्हणून माझ्याकडे राहिली ती एवढी गाय, आणि हे तिचं पहिलं वेत होतं.

आता झालं काय होतं ते ऐका. पहिल्या दिवशी पहाटे गाईची पाण्याची पिशवी फुटली. आमच्याकडे मोटरीची लाईट त्या आठवड्यात पहाटे होती. मामा लाईट आली की पाइप धरून गोठा धुतात, त्यांना त्याची फार हौस. गाईच्या मागं एवढं पाणी सांडलेलं बघून त्यांना वाटलं, मुतली. फवारा मारला आणि सगळं धुऊन टाकलं. मी ओट्यावरून बघत होते. ते पाणी चिकट होतं, पाइपच्या पाण्याखाली तार धरत होतं. मी म्हटलं, "मामा, ते मूत नाही, पिशवी फुटलीय." ते म्हणाले, "अजून आठ दिवस हायेत तिचे. तू हिकडं बघू पण नकोस." खोडदच्या दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या डिश आमच्या गोठ्यामागून दिसतात. आभाळातलं कुठलं कुठलं त्यांना ऐकू येतं म्हणे. आमच्या मामांना वीस पावलांवरून सून ऐकू येत नव्हती.

दिवसभर गाय उठबस करत होती, शेपटी वर धरून कुंथत होती. संध्याकाळी थंड पडली. मामा खूश. "बघ, म्हनलं व्हतं ना, थांबली." दुसऱ्या दिवशी तिनं तोंडाला चारा लावला नाही. माझे मिस्टर चाकणला कंपनीत, त्यांना फोन केला तर म्हणाले, "आबांना कळतं गं, पन्नास वर्षं गुरं केलीत त्यांनी." मी फोन आपटला. तिसऱ्या दिवशी तो वास आला.

तेव्हा कुठं मामा हादरले. सरकारी डॉक्टर लसीकरणाला घाटघरकडे गेलेले, तिथं धड रेंज मिळत नाही. नारायणगावहून एक खाजगी डॉक्टर आले. तरुण पोरगा, मुंबईकडचा, इकडं येऊन त्याला चार महिनेही झाले नव्हते. शेजारचे दोन भाऊ मदतीला आले होते, तेही नाकाला उपरणं लावून दारात उभे. डॉक्टरांनी शर्ट काढला, हात घातला आणि पाच मिनिटांत घामानं निथळले. वासराचे पुढचे दोन पाय वाटेत आलेले, मान मागं वळून पोटाकडे गेलेली. वासरू फुगलेलं, वाट सुजलेली आणि कोरडी पडलेली. त्यांचा हात म्हणजे फावडं. पायांच्या बाजूनं तो मनगटापुढं जाईना.

हात बाहेर काढून ते म्हणाले, "अजून तासभर असंच राहिलं तर गाय जाईल. घरात कुणाचा हात बारीक आहे का?"

गोठ्यात उभ्या सासूबाईंची मान आपोआप माझ्याकडे वळली. सव्वादोनची बांगडी मला सैल होते. जुन्नरच्या बाजारातले मणियार चाचा दर वेळी हसतात, म्हणतात, लेकीचा हात घेऊन आलीस का तुझा घरी ठेवून?

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, या इकडं."

"तिचं नका सांगू," मामा म्हणाले. "ती बाहेरची हाये."

"बाहेरची? सून आहे ना तुमची?"

"सूनच हाये."

"मग लग्न होऊन आली ती घरचीच की. असं काय करता?"

शेजारचा एक भाऊ खोकला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "तसं न्हाई वो डॉक्टर. बाहेरची म्हंजे... बाहेर बसलीय."

"अहो, मग आत बोलवा ना!"

देवा! गाय मरायला टेकलीय आणि चार बाप्यांना एक शब्द उच्चारता येईना. मीच उठले. "मला पाळी आलीय, डॉक्टर. त्याला इथं बाहेरची म्हणतात."

डॉक्टरांचे कान लाल झाले. पण ते म्हणाले, "बरं. हाताला काही झालं नाही ना? मग चला."

मामा आडवे आले. "देवीचं ठाणं हाये गोठ्यात. मी पाऊल टाकू देनार न्हाई."

तेव्हा मी जे बोलले ते सुनेनं सासऱ्याला बोलायचं नसतं. मी म्हटलं, "माझ्या बापाची गाय आहे ती. सरका." आणि ते सरकले. सासूबाई पुढं आल्या. साबणाचं पाणी घेऊन त्यांनी माझ्या बांगड्या स्वतःच्या हातानं उतरवल्या. चौथ्या दिवसाआधी त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी मोठा प्लॅस्टिकचा मोजा दिला. त्यातून बोटांना काही कळेना, म्हणून मी तो फेकला. हाताला खांद्यापर्यंत तेलकट औषध चोपडलं आणि हात आत घातला.

शी! मी आजवर हगणंमुतणं काढलेलं आहे, आजेसासूबाई दोन वर्षं अंथरुणात होत्या. मला कशाची किळस येत नाही असा माझा समज होता. पण आतून जे हाताला लागलं त्यानं अंगावर शहारा आला तो मानेपर्यंत गेला. सगळं गरम. वासराच्या अंगाला हात लागला की केसांचा पुंजका सुटून माझ्या मुठीत यायचा, त्याखालची कातडी साबणाच्या वडीसारखी बुळबुळीत. दाबलं की कातडीखाली हवा चुरचुरायची. प्रत्येक वेळी हात हलवला की कडेनं तांबूस काळं पाणी भसकन बाहेर यायचं, माझ्या कोपरावरून, काखेतून, थेट ब्लाऊजमध्ये. माझं तोंड गाईच्या शेपटीला टेकलेलं. तोंड मिटावं तर नाकातून वास, नाक आवळावं तर तोंडात. माझे स्वतःचे कपडे, माझी स्वतःची घाण, ते वेगळंच. दोघींचं रक्त एकाच उग्र वासात मिसळलं होतं, आणि मला माझी, गाईची, मेलेल्या जिवाची, दारात नाक धरून उभ्या बाप्यांची, सगळ्या सगळ्याची शिसारी आली होती.

"काय लागतंय?" डॉक्टर विचारत होते.

"कान लागला."

"पुढं जा. डोळ्याची खाच शोधा. दोन बोटं तिथं अडकवा."

डोळ्यात बोटं. मी अडकवली. ते बुबुळ माझ्या बोटाखाली फुटलं. मी जोरात ओरडले, पण बोटं सोडली नाहीत. डॉक्टर बाहेरून वासराचे पाय आत रेटत होते, मी मान ओढत होते. गाय मध्येच कळ द्यायची आणि माझा हात हाडात चेमटायचा, बोटं बधिर व्हायची. "बाई गं, थांब जरा," मी तिला म्हणत होते. किती वेळ गेला कळलं नाही. मग ती मान एकदाची फिरली. नाकपुडी माझ्या तळव्यात आली. डॉक्टरांनी दिलेला दोरीचा फास मी कानांमागं सरकवला, त्यांनी पायांना दुसरा बांधला, आणि मग ते दोघे भाऊ नाक सोडून पुढं आले आणि सगळ्यांनी मिळून ओढलं.

वासरू बाहेर पडलं ते पोतं फाटल्यासारखं. कालवड होती. मी तिच्याकडे एकदाच बघितलं. जीभ निळी, तोंडाबाहेर, अर्ध्या अंगावर केस नाहीत. तिच्यामागून बादलीभर पू आणि पाणी आलं आणि माझे दोन्ही पाय त्यात बुडाले. भावांपैकी एक जण पळत गोठ्यामागं गेला.

गाय आडवी पडली. डॉक्टरांनी आतून धुतलं, गोळ्या ठेवल्या, सलाईन लावलं. म्हणाले, "उभी राहून मुतली तर वाचली समजा." आम्ही सगळे तिच्या ढुंगणाकडे बघत बसलो. मी तिथंच त्या घाणीत बसले होते, हाताला काही कळत नव्हतं. दोन बाटल्या संपल्या. ऊन गव्हाणीपर्यंत आलं. मी मनात वडिलांना म्हणत होते, काहीतरी करा, हिला नेऊ नका. आणि तिनं मान झटकली, पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग दोनदा डगमगलं आणि उभी राहिली. पाठ वाकवली. शेपटी वर केली. मुतली!

मला रडूच फुटलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि मामा धावले. कुठं, तर तांब्या आणायला. धार संपायच्या आत त्यांनी तो तिच्या मागं धरला आणि भरून घेतला. त्यांचं रोजचंच आहे ते, सकाळी उठल्या उठल्या चूळभर घेतात. त्यांनी देवीच्या ठाण्याकडे तोंड केलं, ओंजळ भरली, डोळे मिटून प्यायले. मग उरलेलं घेऊन माझ्यापाशी आले आणि माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, मी बसले होते त्या जमिनीवर शिंपडायला लागले.

"विटाळ गेला पायजे," ते म्हणाले. "देवीला चालनार न्हाई."

त्या थेंबांबरोबर एक केस माझ्या ओठाला चिकटला. पांढरा, आखूड. माझा नव्हता, वासराचा होता. मी तो बोटानं काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

"मामा," मी म्हटलं, "तांब्यातलं हे जिथनं आलं, तिथं आत्ता तासभर माझा हात होता. हाच. आणि तिथंच ते वासरू सडत होतं."

मामांनी केसाकडे बघितलं. मग तांब्यात बघितलं. तो तांब्या त्यांनी हळूच खाली ठेवला, एका हातानं गव्हाण धरली, आणि ओकले.