हाललेले फोटो

"हालू नका बाप्पा," असं काका ताऱ्यांनाही सांगायचे आणि मग बटण दाबायचे. लग्नाचे फोटो काढण्यात आयुष्य गेलं होतं. समोर नवरदेव असो की मृग नक्षत्र, सूचना तीच.

अमरावतीत आमच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. असे एक काका तुमच्याही गल्लीत असतील. आता ते अकोल्याला मुलीकडे असतात. मी नवा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा स्टुडिओत गेले, तेव्हा म्हणाले, "कॉन्व्हेंटवाली, बोलत जाय थोडी. मी काही इंग्लिश विचारून नाही राहिलो."

आकाशाच्या एकाच भागाचे पुष्कळ फोटो काढून कॉम्प्युटरवर ते एकावर एक बसवायचे, हे स्टॅकिंग त्यांनीच मला शिकवलं. "कचरा, म्हंजे हे खोटे ठिपके, दर फोटोत जागा बदलते. तारा नाही बदलत. म्हणून कचरा पुसला जाते अन् तारा उरते." पण आधी हाललेले फोटो वेगळे काढायचे. ते शेजारी बसून सांगत, "हा ठेव. हा काढ."

एका दुपारी स्क्रीनवर ताऱ्यांच्या चक्क रेघा होत्या. "बढिया हाय, ठेव," ते म्हणाले. पुढचा फोटो स्वच्छ होता. "हा हालला."

थट्टा वाटली म्हणून मी वळून पाहिलं. ते हसत नव्हते. डोळे बारीक करून स्क्रीनला जवळजवळ टेकले होते. दुसऱ्या पहाटे त्यांच्याच मोटरसायकलवर आम्हाला ताऱ्यांचे फोटो काढायला भातकुलीकडे जायचं होतं.

"काका, चष्मा बदलायचाय का?"

"लायटीचा प्रॉब्लेम हाय."

पहाटे मी त्यांच्या खांद्यावरून रस्ता बघत राहिले. शहराचे दिवे मागे पडले. पुढे कापसाने फुगलेली एक ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही. आमचा वेग कमी होईना.

"काका, ट्रॉली!"

गाडी तिला घासत कडेच्या मातीत जाऊन थांबली.

"दिसली होती मले," ते म्हणाले.

मी चावी काढून घेतली.

"कोनाले सांगू नको बेटा. शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झाला, डॉक्टर म्हणते. लग्नाचं सीझन हाय. हे कळलं तर मले कोन बोलावन?"

"काकूंना सांगणार. आजच."

ते गाडीवरून उतरले. मग हळू म्हणाले, "बरं. पन उजाडेपर्यंत बोलत राहाय. भेव लागते मले."

मी बोलत राहिले. कुठला तारा कुठे आला, कुठला मावळतो आहे, एवढंच.

उजाडलं. त्यांनी आधी ट्रॉलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे. खांद्यापासून कोपरापर्यंत ट्रॉलीतला कापूस चिकटला होता.

ते तिथेच मातीत खाली बसले.